आजोबांचा तपास करणारा मुलगा आणि त्याची जप्त झालेली वही

पत्र, थोडक्यात: वेंगुर्ले तालुक्यातल्या एका आईने लिहिलंय. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. मे महिन्यात, आंबे उतरवायचे शेवटचे दिवस चालू असताना, रात्री त्याच्या आजोबांच्या छातीत दुखायला लागलं, गाडी करून गोव्याला न्यायला निघाले आणि वाटेतच सगळं संपलं. मुलाला झोपेतच शेजारी नेऊन ठेवलं, सकाळी "आजोबांना बरं करायला गोव्याला नेलंय" सांगून मामाबरोबर कुडाळला पाठवलं. तेरावं उरकल्यावर तो परत आला तेव्हा "आजोबा देवाघरी गेले" एवढंच सांगितलं. रक्षा गावच्याच किनाऱ्यावर विसर्जित केली, तेही त्याला माहीत नाही.

आता तो माळ्याखालच्या खोलीत एकटा जात नाही, तिन्हीसांजेला विहिरीकडे जात नाही, रात्री माळ्यावर कोणीतरी चालतं म्हणतो. उशाखाली एक वही असते, तिच्यावर 'आजोबा केस' असं लिहिलंय. आत क्लू आहेत: चपला घरीच, चष्मा घरीच, बॅटरी गायब. संशयितांची लिस्ट आहे: एक देवचार (रात्री गावात फिरतो म्हणतात ते भूत), दोन गाडीवाला काका, तिसरं नाव खोडलेलं. मागच्या पानांवर त्याने एक रहस्यकथा लिहायला घेतलीय, त्यात नातू आजोबांना शोधून घरी आणतो. तो शेजारीपाजारी जाऊन 'चौकशी' पण करतो. नवऱ्याने चिडून वही जप्त केली, वाचनालयातून आणलेली रहस्यकथांची पुस्तकं बंद केली. सासूबाई म्हणतात गेलेल्या माणसाची चौकशी करू नये, ह्येका काय्तरी लागलाहा, कुठेतरी दाखवून आणूया. आईचे प्रश्न: हे पुस्तकांमुळे झालं का, वही परत द्यावी का, गोष्टीत आजोबा जिवंत परत येतात हे चालू द्यावं का, आणि डॉक्टरकडे न्यायची वेळ आलीय का.

---

ताई,

तुमचं पत्र दोन-तीनदा वाचलं. त्यात एक ओळ आहे, तुम्ही ती मधेच लिहिलीये आणि लगेच पुढे सासूबाईंच्या विषयाकडे गेलात. वहीच्या एका पानावर त्याने लिहिलंय, "त्या दिवशी मी आजोबांना माळ्यावरून माझी बॅट काढून द्यायला सांगितली होती." माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रात हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून बाकीचे प्रश्न जरा बाजूला ठेवून आधी हिच्याबद्दल बोलते.

तुम्हाला वाटतंय की तो भुताला घाबरतोय. पण त्याची भीती नीट बघा ना, कुठे कुठे आहे ती? माळ्याच्या खाली. विहीर आहे, अंधार आहे, पण सगळ्यात जास्त माळा. म्हणजे जिथे शिडी लावून आजोबा चढले, बॅट शोधली, धापा टाकत उतरले असतील, आणि त्याच रात्री गेले. या वयाच्या मुलांचं डोकं असं चालतं की दोन गोष्टी एकामागून एक घडल्या की पहिलीमुळे दुसरी झाली. मी बॅट मागितली, आजोबा दमले, आजोबा गेले. हा हिशोब त्याने एकट्याने मांडलाय आणि तो कोणाला दाखवायची त्याची हिंमत नाहीये. लिस्टमधलं ते खोडलेलं तिसरं नाव कोणाचं आहे हे मी इथे बसून छातीठोक सांगू शकत नाही, पण मला ते त्याचं स्वतःचं असावं असं वाटतं. ते नाव काय आहे असं त्याला विचारू नका. खोडलंय म्हणजे त्याला ते दिसू द्यायचं नाहीये. विचारायचं नाही पण उत्तर मात्र द्यायचं, कसं ते सांगते.

आता पुस्तकांचं. पुस्तकांनी हे केलेलं नाही. उलट त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं तेव्हा पुस्तकांनी त्याला एक पद्धत दिली, की एखादी गोष्ट कळत नसेल तर घाबरून बसायचं नाही, क्लू लिहायचे, माणसांना विचारायचं, एकेक संशयित बाद करायचा. खरं सांगू का, तुमच्या घरात आजोबांबद्दल सरळ प्रश्न विचारणारा तो एकटाच आहे. आणि त्याचे क्लू चुकीचे नाहीत हो! चपला घरी, चष्मा घरी, मग माणूस गोव्याला गेला कसा? मोठ्यांनी सांगितलेलं आणि डोळ्यांना दिसणारं जुळत नाहीये, हे नऊ वर्षांच्या पोराने बरोबर पकडलंय. लहान मुलांच्या चांगल्या रहस्यकथेत एक न्याय असतो, उत्तर शेवटी मिळतं, आणि अंधारात भयंकर वाटलेली वस्तू उजेडात काय होती ते कळतं. तुमच्या मुलाच्या हातात मात्र शेवटचं पान फाडलेलं पुस्तक आलंय. पान मोठ्यांकडे आहे आणि मोठे म्हणतायत पुस्तक वाचू नको.

मला कळतंय की तुम्ही हे त्याच्या काळजीपोटी केलंत. आपल्याकडे सगळीकडे असंच करतात, मयताच्या घरातून पोरांना आधी बाहेर काढतात, मामाकडे, मावशीकडे. त्या रात्री तुम्ही तरी काय करणार होतात, घरात कोणी शुद्धीवर नव्हतं. म्हणून स्वतःला बोल लावत बसू नका. फक्त "लहान आहे, विसरेल आपोआप" हे जे गृहीत धरलंय ते सोडून द्या. नऊ वर्षांच्या मुलाला साधारण कळतं की मेलेलं माणूस परत येत नाही, ते सगळ्यांच्याच बाबतीत होतं. त्याला मरण म्हणजे काय ते कळत नाही म्हणून तो शोधत नाहीये. *आपले* आजोबा कसे गेले, तेव्हा कोण जवळ होतं, त्यांना दुखलं का, मला का उठवलं नाही, हे त्याला हवंय. हे तर आपल्यालाही हवं असतं की. कोणी गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण "कसं झालं हो?" असं विचारतो आणि घरची माणसं दहा वेळा तीच हकिगत सांगतात, सांगता सांगताच मोकळी होतात. ती हकिगत तुमच्या घरात सगळ्या गावाने ऐकली, तो सोडून.

तर वही परत द्यायची का? आजच द्या. आणि देताना सांगा की आम्ही ती तुला न विचारता वाचली, ते चुकलं. मग म्हणा, तुझ्या केसमध्ये आम्ही साक्षीदार आहोत, तुला जे विचारायचंय ते विचार, आम्ही खरं सांगणार. दुपारची निवांत वेळ बघा, शक्यतो रात्री झोपायच्या आधी नको. आणि मग सरळ शब्दात सांगा. मी इथे लिहून देते, तुमच्या भाषेत फिरवून घ्या:

"आजोबांचं हृदय बंद पडलं. हृदय बंद पडलं की श्वास थांबतो आणि शरीर पुन्हा चालू होत नाही. आजोबा वारले. ते परत येणार नाहीत. आम्ही तुला गोव्याचं सांगितलं कारण आम्हाला स्वतःलाच कसं सांगावं कळत नव्हतं. आजोबांना बीपी आणि शुगरची गोळी कितीतरी वर्षं चालू होती, त्यांच्या हृदयाच्या नळ्या आतून हळूहळू बारीक होत होत्या, आणि हे बाहेरून कोणाला दिसत नाही. बॅट काढल्यामुळे, शिडी चढल्यामुळे, कोणी काही बोलल्यामुळे किंवा मनात आणल्यामुळे हे झालं नाही. घरातल्या कोणामुळेच नाही."

हे शेवटचं त्याने न विचारता सांगायचं, सहज, हकिगतीच्या ओघात. त्याच्याकडे टक लावून नको. आणि एकदा सांगून भागणार नाही, पुन्हा दोन-चार दिवसांनी, पुन्हा महिन्याने. तुमचे जे नेहमीचे डॉक्टर आहेत, आजोबांच्या गोळ्या ज्यांच्याकडून यायच्या, त्यांना आधी फोन करून कल्पना द्या आणि पोराला वही घेऊन त्यांच्याकडे न्या. डॉक्टरांनी हृदयाचं चित्र काढून दाखवलं आणि स्वतःच्या तोंडाने "शिडीमुळे नाही रे" म्हटलं की त्याला जितकं पटेल तितकं आईच्या सांगण्याने पटणार नाही, कारण आई समजूत काढते हे मुलांना माहीत असतं.

"देवाघरी गेले" म्हणू नये असं मी म्हणत नाहीये, तुमची श्रद्धा आहे तर जरूर म्हणा. पण *वारले* हा शब्द आधी, मग देवाघर. नुसतं "गेले", "झोपले", "गावाला गेले" एवढंच कानावर पडलं की लहान मुलं त्याचा शब्दशः अर्थ लावतात, मग झोपायला घाबरतात किंवा बाबा बाजाराला निघाले तरी रडून गोंधळ घालतात.

तुमच्या मिस्टरांबद्दल पण लिहायचंय. तुम्ही मुलाबद्दल दोन पानं लिहिलीत आणि त्यांच्याबद्दल एकच वाक्य, की ते चिडले आणि वही जप्त केली. ताई, त्या गाडीत त्यांच्या मांडीवर त्यांचे वडील गेले. (तुम्हीच लिहिलंय की मागच्या सीटवर ते बाबांना धरून बसले होते.) त्यानंतर ते कोणाशी बोललेत का? आणि घरात एक पोरगं रोज विचारतंय, आजोबा कुठे गेले, गाडीत कोण होतं, बॅटरी कोणी नेली. ते त्या वहीवर चिडले नसावेत, तो प्रश्न सहन होत नसावा. त्या रात्रीची हकिगत मुलाला सांगायचा खरा हक्क त्यांचा आहे, पण जबरदस्ती करू नका. जमत नसेल तर तुम्ही सांगा आणि त्यांनी नुसतं शेजारी बसावं. सांगताना रडू आलं तर येऊ दे. बाबा रडतात हे बघून मूल मोडत नाही. मला पण रडायला चालेल असं त्याला कळतं आणि हे त्याला आत्तापर्यंत कोणी कळू दिलेलं नाही.

आता माळा. रात्री माळ्यावर कोणीतरी चालतं हे खोटं आहे असं त्याला म्हणू नका, कारण बहुतेक ते खरंच चालतं! कौलारू घर, बाजूला माड आणि फणस, म्हणजे कांडेचोर (उदमांजर) असण्याची शक्यता भरपूर. तीन-चार किलोचं जनावर, दिवसभर माळ्यावर किंवा झाडात झोपतं आणि रात्री निघतं, लाकडी तक्तपोशीवरून चाललं तर माणूस चालल्यासारखाच आवाज येतो. देवचार रात्री गावात फेरी मारतो ही गोष्ट त्याने आजोबांकडून किंवा कोणाकडून तरी ऐकलेली असणार, मग तो आवाज कोणाचा हे त्याने ठरवून टाकलं.

तर हा तपास बाबांनी त्याच्याबरोबर करावा, दिवसाढवळ्या. पहिल्या दिवशी वर चढायचंच नाही, शिडीच्या पहिल्या पायरीवर दोघांनी बसून गप्पा मारायच्या, बास. दुसऱ्या दिवशी वाटलं तर अर्ध्यात. त्याला जेवढं झेपेल तेवढंच, आणि तो "उतरूया" म्हणाला की उतरायचं, "एवढा काय घाबरतोस" अजिबात नको. वर पोचायचं धाडस झालं की संध्याकाळी चुलीतली राख चाळून तिथे पातळ पसरा, सकाळी दोघांनी बॅटरी घेऊन बघायला जा. मांजराच्या पंजाचा ठसा उमटला तर चार बोटं दिसतात, कांडेचोराची पाच. त्याची विष्ठा सापडली तर त्यात बिया असतात, भेरली माडाच्या, जांभळाच्या, जे फळ खाल्लं असेल त्याच्या. काठीने बघायचं, हात लावायचा नाही, नंतर हात साबणाने धुवायचे. आणि जनावर दिसलं तर कोंडायचं नाही, मारायचंही नाही, चावतं ते, शिवाय वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. पाच बोटांचा ठसा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, मोजला, वहीत काढला, की संशयित नंबर एक आपोआप बाद होतो आणि तो बाद करणारा तो स्वतः असतो. तुम्ही शंभर वेळा "वर काही नाही" म्हणण्याने हे होत नाही. उंदीर निघाले किंवा काहीच उमटलं नाही तरी हरकत नाही, जे दिसलं ते लिहायचं.

तोपर्यंत रात्री त्याला तुमच्याजवळ झोपू दे, पावसात लाईट जाते तर त्याच्या उशाशी त्याची स्वतःची छोटी बॅटरी ठेवा. आणि ती आजोबांची बॅटरी खरंच शोधा हो. गाडीवाल्या काकांना विचारा, त्या रात्री अंगणातून गाडीपर्यंत उजेड दाखवायला कोणीतरी घेतली असेल आणि गाडीतच राहिली असेल. मुलालाच घेऊन जा त्यांच्याकडे, म्हणजे संशयित नंबर दोनची पण चौकशी रीतसर होईल आणि त्या काकांनी किती जीव तोडून गाडी हाकली तेही त्याला कळेल. नाही सापडली तर "सापडली नाही" असं लिहायचं.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचा नवरा गेलाय, घरात नातू प्रश्न विचारतो, त्यांना भीती वाटणारच. देवळात गाऱ्हाणं घालायचं असेल तर घालू दे, त्यांनी मायेने कपाळाला अंगारा लावला तर त्याला बरंच वाटेल. पण दोन गोष्टींवर तुम्ही ठाम राहा. त्याच्यासमोर "ह्येका काय्तरी लागलाहा" हे वाक्य पुन्हा उच्चारायचं नाही, कारण मग लिस्टमधलं तिसरं नाव पक्कं होतं. आणि झाडफूक करणाऱ्याकडे न्यायचं नाही. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, धुरी वगैरे प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहेतच, पण तेवढं टोकाचं नसलं तरी आधीच स्वतःला दोषी समजणाऱ्या मुलाला अशा ठिकाणी बसवणं फार वाईट. सासूबाईंना दुसरं काम द्या. आजोबा लहानपणी कसे होते, लग्नात काय गोंधळ झाला, हे त्यांनी नातवाला सांगायचं आणि त्याने लिहून घ्यायचं. त्यांनाही कोणीतरी विचारायला हवंच आहे.

निरोपाचं राहिलंय त्याचं. नारळी पौर्णिमा येतेय, तेव्हा रक्षा जिथे सोडली त्या जागी त्याला घेऊन जा, जागा दाखवा, त्याच्या हातून नारळ अर्पण करू दे. पाणी अजून खवळलेलं असेल तर वाळूत वरच्या बाजूलाच थांबा, नारळ मोठ्यांपैकी कोणीतरी सोडेल. त्याला आजोबांना काही सांगायचं असेल तर तिथे सांगेल, नसेल तर गप्प बसेल, दोन्ही ठीक. आणि चतुर्थीला, तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे गणपती आणणार असाल तर, माटवीचं (गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं बांधतात त्या लाकडी चौकटीचं) काम त्याच्याकडे द्या. तुम्ही लिहिलंय की दरवर्षी आजोबा आणि तो मिळून रानात जायचे, कवंडळं, शेरवडं, हरणं, तेरडा कुठे मिळतो हे आता त्या घरात त्यालाच माहीत आहे. बाबांना वाट तो दाखवेल.

गोष्टीबद्दल विचारलंत. त्याच्या गोष्टीत आजोबा जिवंत परत येतात, तर येऊ देत. गोष्टीत आपल्याला जे हवं ते घडवता येतं म्हणून तर मुलं गोष्टी लिहितात. त्याची गोष्ट दुरुस्त करायला जाऊ नका, शेवट सुचवू नका, "छान लिहिलंस पण खरं असं नसतं" तर मुळीच नको. फक्त गोष्टीच्या बाहेर त्याला खरं माहीत आहे ना एवढं बघा, आणि तुम्ही सरळ सांगितलंत की ते कळेलच. मला वाटतं खरी हकिगत कळल्यावर गोष्ट बदलेल, कदाचित तो ती अर्धवट सोडून दुसरीच सुरू करेल, कदाचित नाही. त्याने वाचून दाखवली तर ऐका. आणि वाचनालयाची पुस्तकं पुन्हा सुरू करा, जमलं तर तुम्ही त्याच्यासोबत वाचा आणि मधेच थांबून विचारा, तुला काय वाटतं, कोणी केलं असेल?

डॉक्टरचं. त्याला भूक आहे, शाळेत जातो, मित्रांशी खेळतो असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे आत्ता लगेच धावायची गरज मला दिसत नाही. पण एवढं सगळं करूनही महिना-दोन महिन्यांत झोप सुधारली नाही, शाळेत जायला नकार द्यायला लागला, खाणं तुटलं, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला, किंवा सारखं पोटात-डोक्यात दुखतं म्हणायला लागला तर थांबू नका. आणि "मला आजोबांकडे जायचंय", "मी मेलो तर बरं" असं काही बोलला तर त्याच दिवशी मदत घ्या, लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाईन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, रात्री-बेरात्री कधीही, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याच्या ओपीडीची चौकशी करा. शाळेत वर्गशिक्षकांना मात्र आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे 'माझे आजोबा' निबंध आला की त्यांना कळेल हा का गप्प बसलाय.

ज्यांच्या घरात असंच काही झालंय त्यांच्यासाठी थोडं. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर ते रोज तोच प्रश्न विचारेल, आजी कधी येणार, आणि रोज तेच उत्तर द्यावं लागेल, न चिडता. बारा-चौदाचं असेल तर कदाचित काहीच विचारणार नाही, मोबाईलमध्ये डोकं घालून बसेल, त्याला समोर बसवून प्रश्न विचारण्यापेक्षा बाईकवरून, बागेत काम करताना बोलणं सोपं जातं. आणि पुढे कधी घरात मयत झालं तर मुलाला विचारा, तुला बघायचंय का, थांबायचंय का. आधी सांगा काय दिसेल, लोक रडत असतील, आजी हलणार नाही, गार लागेल. एक मोठं माणूस फक्त त्याच्यासाठी सोबत ठेवा. नको म्हणाला तर नको.

ताई, हे उत्तर तुमच्या मिस्टरांना पण वाचायला द्या, मोठ्याने वाचून दाखवू नका, नुसतं ठेवून द्या त्यांच्याजवळ. माटवीला काय काय मिळालं ते चतुर्थीनंतर कळवा.